पाणी नेमकं केव्हा चढलं? मेणबत्तीच्या प्रयोगावर अडलेल्या एका वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

आठवीचा वर्ग, मुलं चाळीस, तास पस्तीस मिनिटांचा. प्रयोगशाळा होती, पण तिथे एका वेळी अर्धा वर्गच मावायचा. त्यामुळे विज्ञानाच्या बाई सामान पिशवीत घेऊन वर्गातच प्रयोग करत. त्या वर्षी मी त्यांच्यासोबत काम करत होतो. आठवड्यातून एकदा मागच्या बाकावर बसायचं, तास पाहायचा आणि मग दोघांनी बसून त्यावर बोलायचं. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. बाकीचं आमच्या दोघांच्या टिपणांवरून लिहिलं आहे.

घटक हवेचा होता. हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्यात आरगॉन, कार्बन डायऑक्साइड वगैरे. ऑक्सिजन हवेच्या पाचव्या भागाएवढा असतो हे दाखवायला एक प्रयोग वर्षानुवर्षं केला जातो. ताटलीत रंगीत पाणी घ्यायचं, मधोमध मेणबत्ती लावायची आणि तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घालायचा. थोड्या वेळात ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. मग सांगायचं, ‘ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली.’ मीही कैक वर्षं हेच शिकवलं आहे, आणि फळ्यावर आकृती काढून पाण्याची पातळी बरोब्बर पाचव्या भागावर रेघ मारून दाखवली आहे.

बाईंनी त्या दिवशी प्रयोग व्यवस्थित केला. ज्योत विझली, पाणी चढलं, मुलांनी ‘ओऽऽ’ केलं. बाई फळ्याकडे वळल्या आणि खिडकीकडच्या रांगेतली एक मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, “बाई, पण जळत होती तेव्हा पाणी चढलंच नाही. विझल्यावर चढलं.”

अडचण

वरवर पाहता ही एक बारीकशी शंका होती, पण तिने अख्खं स्पष्टीकरण उलटंपालटं झालं. ऑक्सिजन जळून जागा रिकामी होत असेल, तर ज्योत जळत असताना पाणी हळूहळू वर यायला हवं, आणि ज्योत विझली की थांबायला हवं. प्रत्यक्षात ज्योत जळत असताना पातळी जवळजवळ हलत नाही. उलट नीट पाहिलं तर सुरुवातीला ग्लासाच्या काठाखालून एक-दोन बुडबुडे बाहेर पडताना दिसतात. विझल्यानंतरच्या काही सेकंदांत पाणी भर्रकन वर जातं.

त्यामागचं खरं कारण वाचकाला आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे निर्णय त्याशिवाय कळणार नाहीत. ग्लास ज्योतीवर उतरवतो तेव्हा आतली हवा तापून फुगते आणि तिचा काही भाग काठाखालून निसटतो. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते. ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफही काचेवर थिजून थेंब होते. आतला दाब कमी पडतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. ऑक्सिजन खर्च होतो हे खरंच आहे, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेणाचं सूत्र ढोबळमानाने पंचवीस कार्बन आणि बावन्न हायड्रोजन धरलं, तर ३८ भाग ऑक्सिजन खर्ची पडून २५ भाग कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणजे वाफ पूर्ण थिजली तरी खर्च झालेल्या ऑक्सिजनच्या जवळपास एक-तृतीयांश इतकीच जागा रिकामी होते. त्यात मेणबत्ती ऑक्सिजन ‘संपवत’ नाहीच. तो साधारण १६ टक्क्यांवर आला की तिला जळता येत नाही. हा सगळा हिशेब मांडला, तर ज्वलनामुळे होणारी घट दोनेक टक्क्यांच्या आसपास येते. पाचवा भाग कुठल्या कुठे राहिला.

बाईंना यातलं अर्धं ठाऊक होतं, अर्धं नव्हतं. मलाही वाफेचा भाग त्या संध्याकाळी कागद-पेन घेऊन बसल्यावरच नीट उमगला. तासाला मात्र बाईंसमोर चाळीस चेहरे होते, घड्याळात अकरा मिनिटं होती आणि पुढच्या पंधरवड्यात घटक चाचणी होती.

कोणते पर्याय होते

तासानंतर आम्ही बसलो तेव्हा बाई म्हणाल्या, “त्या दहा सेकंदांत माझ्या डोक्यात चार वाटा येऊन गेल्या.” त्यांच्याच शब्दांत सांगतो.

पहिली वाट म्हणजे “हुशार आहेस, पण परीक्षेत हेच लिही” म्हणून पुढे जाणं. वेळ वाचतो, गुण वाचतात. पण त्या मुलीने जे डोळ्यांनी पाहिलं ते खोटं ठरतं, आणि हे बाकीच्या एकोणचाळीस जणांच्याही ध्यानात येतं.

दुसरी वाट होती खरं उत्तर लगेच सांगून टाकण्याची. बाईंना ते अर्धवटच माहीत होतं, हा भाग वेगळा. पूर्ण माहीत असतं तरी मुलांनी एक वाक्य खोडून त्याजागी दुसरं लिहून घेतलं असतं, एवढंच.

तिसरी वाट विषय पुढच्या तासावर ढकलायची. ही वाट वाटते तितकी पळपुटी नसते. शिक्षकाने घरी जाऊन वाचून येणं हीही तयारीच. तोटा इतकाच, की प्रश्न तोवर थंड होतो.

चौथी वाट होती वर्गालाच कामाला लावायची. बाईंनी तीच धरली, पण घाईने नाही. त्यांनी आधी वर्गाला विचारलं, “हिने जे पाहिलं ते अजून कोणी पाहिलं?” सहा हात वर आले. मग त्या म्हणाल्या, “म्हणजे चौतीस जणांनी पाहिलंच नाही. पुन्हा करू. या वेळी ज्योतीकडे बघायचं नाही, पाण्याकडे बघायचं.” माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच होता. स्पष्टीकरणावर वाद घालण्याआधी घटना काय घडली यावर वर्गाचं एकमत झालं. दुसऱ्या खेपेला चाळीसच्या चाळीस जणांनी पाहिलं, आणि फळ्यावर तासाचं शेवटचं वाक्य उरलं: ‘पाणी ज्योत विझल्यावर चढतं. का?’

काय केलं

दुसऱ्या तासाला बाईंनी मुलांना प्रश्न आणि अंदाज मागितले. सतरा आले. ग्लासाचा रंग, पाण्याचा रंग, मेणबत्ती उंच की बुटकी, विझताना निघणारा धूर पाणी ओढतो का, असं बरंच काही. एकाने तर मेणबत्ती पाणी पिते असा सिद्धांत मांडला आणि वाद घालून तो टिकवूनही धरला.

इथे माझा सल्ला चुकला. मी बाईंना सांगितलं होतं, “मुलांना त्यांचे प्रश्न निवडू द्या, आपण मध्ये पडायचं नाही.” त्यामुळे आठ गटांनी आठ प्रश्न घेतले. तिसरा तास निव्वळ गोंधळात गेला. कोणाच्या मेणबत्त्या दोन, कोणाचा ग्लास रुंद, कोणाचं पाणी कोमट. निकाल एकमेकांशी ताडून पाहायचा काही मार्गच उरला नाही. एका गटात ज्योत तळाच्या फार जवळ गेली आणि ग्लास तडकला. कुणाला लागलं नाही, पण बाईंनी तिथेच काम थांबवलं. त्यानंतर जाड काचेच्या बरण्या, बुटक्या मेणबत्त्या, वेण्या बांधलेल्या, ओढण्या खोचलेल्या आणि प्रत्येक बाकावर ओलं फडकं, हा नियम झाला. तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता.

आणखी एक गोष्ट त्या गोंधळातच दिसली. आठपैकी सहा गटांत मेणबत्ती मुलगे पेटवत होते आणि वही मुलींकडे होती. जिने मूळ प्रश्न विचारला, तीही लिहीतच बसली होती. बाईंनी पुढच्या तासापासून कामं फिरती ठेवली. आज जो पेटवेल तो उद्या मोजेल, परवा लिहील.

चौथ्या तासाला बाईंनी माझं ऐकायचं सोडून दिलं आणि बरं केलं. सतरा प्रश्न फळ्यावर पुन्हा लिहिले आणि विचारलं, “यातल्या कुठल्या प्रश्नाच्या उत्तराने ऑक्सिजनवाले आणि हवा-थंड-होणारे यांच्यातलं भांडण मिटेल?” वर्गात एव्हाना असे दोन पक्ष पडलेच होते. बऱ्याच काथ्याकुटानंतर दोन प्रश्न उरले. मेणबत्त्या वाढवल्या तर काय होईल? आणि मेणबत्ती न पेटवताच पाणी चढवता येईल का?

पहिल्या प्रश्नाची गंमत अशी, की दोन्ही पक्षांना निकालाआधीच आपापला अंदाज सांगता येतो. बरणी तीच, म्हणजे आतला ऑक्सिजनही तेवढाच. मेणबत्त्या तीन लावल्या तर त्या लवकर विझतील, पण ऑक्सिजनवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाणी तेवढंच चढायला हवं. उष्णतावाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे जास्त चढायला हवं. बाईंनी मोजमाप सुरू होण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज वहीत शाईने लिहून घेतला. शाईने, कारण पेन्सिलीचे अंदाज नंतर बदलतात, हा त्यांचा अनुभव.

सारख्या बरण्या, पाण्याची सारखी पातळी, प्रत्येक प्रयोग तीनदा. बारा सेंटिमीटर उंचीच्या बरणीत एका मेणबत्तीने पाणी सेंटिमीटरभर चढलं, दोघींनी पावणेदोनच्या आसपास, तिघींनी अडीचच्या वर. बाराचा पाचवा भाग २.४. म्हणजे तीन मेणबत्त्यांनी बरणीत होता त्याहून जास्त ऑक्सिजन ‘खाल्ला’ असं मानायची पाळी आली. ऑक्सिजन पक्षाचा म्होरक्या थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, “बरणी गळत असेल.” बाईंनी कुणालाही त्याला हसू दिलं नाही. “तपास,” म्हणाल्या. त्याने बरणी पाण्याने भरून पाच मिनिटं उलटसुलट करून पाहिली. गळत नव्हती.

दुसऱ्या प्रश्नासाठी एका गटाने बरणी कडक गरम पाण्याने विसळली, पाणी ओतून दिलं आणि लगेच ताटलीत उपडी घातली. काही जळलं नाही, तरी पाणी चढलं. कमी चढलं, पण चढलं. हवेचं तापमान एका अंशाने उतरलं, की तिचं आकारमान शून्य अंशाला जेवढं असतं त्याच्या २७३व्या भागाने घटतं, हा नियम मुलांनी वरच्या इयत्तेत शिकायचा होता. बाईंनी तो फळ्यावर एका ओळीत दिला आणि एक उदाहरण सोडवलं: ९० अंशांची हवा ३० अंशांवर आली तर सुमारे सतरा टक्के आकसते. तो आकडा आणि आपल्या बरणीतलं पाणी यांची सांगड मुलांनी आपणहून घातली.

पाचव्या तासाला पुन्हा गाडं अडलं. गरम हवेचं आकसणं मुलांना पटलं होतं, पण बरणीच्या आतल्या बाजूला जमलेल्या थेंबांचं काय करायचं ते कळेना. मी अजूनही ‘सांगू नका’ याच मतावर होतो. मुलं वीस मिनिटं चाचपडत राहिली, मागची बाकं गप्पांना लागली. शेवटी बाईंनी सरळ सांगितलं: मेणात हायड्रोजन असतो, जळताना त्यापासून पाण्याची वाफ होते, वाफेला जागा फार लागते आणि पाण्याला अगदी थोडी. पाच मिनिटांत वर्ग पुन्हा जागा झाला. जे शोधायची साधनंच मुलांच्या हाती नाहीत, ते त्यांच्यापासून दडवून ठेवण्याने शोध होत नाही, नुसता वैताग होतो.

रोजच्या जगाशी सांधा

बाईंच्या मूळ आखणीत ‘व्यवहारातील उपयोग’ म्हणून कपड्यांना आग लागली तर घोंगडी गुंडाळावी हे उदाहरण होतं. ठीकच आहे, पण ते पुस्तकातून आलेलं होतं आणि तासाच्या शेवटी चिकटवलेलं होतं. या वेळी उदाहरणं मुलांकडून आली. गरम पाणी ओतून टाकलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीला लगेच झाकण लावलं की ती थोड्या वेळाने चेपते. गरम असताना बंद केलेल्या डब्याचं झाकण थंड झाल्यावर निघता निघत नाही. उन्हात टम्म असलेला चेंडू रात्री मऊ लागतो. एका मुलाने घट्ट बसलेलं झाकण सोडवायला त्याची आजी झाकणावर गरम पाणी ओतते ते सांगितलं. त्यावर ‘हवा फुगते म्हणून की धातू फुगतो म्हणून’ असा नवा वाद निघाला. बाईंनी तो वहीच्या शेवटच्या पानावर ठेवायला सांगितला.

सगळ्यात मोलाचा सांधा मात्र अनपेक्षित होता. मेणबत्ती विझते तेव्हा बरणीत सुमारे १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो हे कळल्यावर एकाने विचारलं, “मग तिथे माणूस जगेल?” आपण बाहेर सोडतो त्या श्वासातही साधारण तितकाच ऑक्सिजन असतो, हे बाईंनी सांगितलं. तिथून गोष्ट गेली बंद खोलीत धुमसणाऱ्या निखाऱ्यांवर. माणसं दगावतात ती बहुधा ऑक्सिजन संपल्यामुळे नव्हे. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो. जुनं वाक्य तसंच राहिलं असतं तर मुलं समजून चालली असती, की ‘दिवा जळतोय म्हणजे खोलीतली हवा चांगली’. हा समज जिवावर बेतू शकतो.

मग पाचवा भाग दाखवायचा कसा?

ऑक्सिजनवाल्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. हवेत पाचवा भाग ऑक्सिजन आहेच, फक्त तो दाखवायचं काम मेणबत्तीचं नाही. गंजणं त्या कामी येतं, कारण लोखंड ऑक्सिजन घेतं, वायू सोडत नाही, आणि इतकं सावकाश घेतं की उष्णतेचा प्रश्नच येत नाही. परीक्षानळीच्या तळाशी ओला तारेचा काथ्या कोंबायचा आणि नळी पाण्यात उपडी उभी करायची. पहिल्या खेपेला दोन दिवस काहीच झालं नाही. काथ्या भांडी घासायचा होता, पण स्टेनलेस स्टीलचा. त्यातल्या क्रोमियममुळे तो गंजत नाही. बाई जरा खट्टू झाल्या. मला मात्र हा फसलेला प्रयोगही धड्यात राहावा असं वाटलं, आणि तो राहिला. दुसऱ्या खेपेला बारीक लोखंडी काथ्या आणला, वरचा संरक्षक थर जावा म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवून धुतला. दोन दिवसांनी पंधरा सेंटिमीटरच्या नळीत पाणी तीनच्या जवळपास येऊन थांबलं होतं, आणि तिथेच राहिलं.

निष्पत्ती

एका तासाचा प्रयोग सात तास चालला. पुढचा घटक घाईत उरकावा लागला आणि तो कच्चा राहिला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मधल्या काळात एका पालकांची चिठ्ठी आली. पुस्तकात एक आणि वहीत दुसरं, मुलाने परीक्षेत काय लिहायचं? प्रश्न रास्त होता. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं. बाईंनी पुस्तक चूक आहे असं म्हणायचं टाळलं. त्यांनी वर्गात वहीच्या पानाचे दोन रकाने करून घेतले होते. डावीकडे ‘नेहमी दिलं जाणारं उत्तर’, उजवीकडे ‘आम्ही पाहिलेलं आणि मोजलेलं’. ते पान त्यांनी समोर ठेवलं. बाहेरच्या परीक्षेत डावीकडचं वाक्य मागितलं तर काय करायचं, यावर मात्र त्यांच्याकडे पक्कं उत्तर नव्हतं, आणि माझ्याकडेही नव्हतं.

घटक चाचणी बाईंनीच काढली. ‘तीन मेणबत्त्या लावल्यास पाण्याची पातळी कशी बदलेल? कारण द्या,’ असा प्रश्न घातला. चाळीसपैकी तेवीस जणांनी अंदाज आणि कारण दोन्ही नीट लिहिलं. नऊ जणांनी सात तासांनंतरही ‘ऑक्सिजन संपल्यामुळे’ हेच लिहिलं. त्यातले दोघे तीन मेणबत्त्यांच्या मोजमापाच्या गटात होते. बाईंना याचं वाईट वाटलं. मला ते फारसं नवल वाटलं नाही. मी स्वतः त्या वाक्याबरोबर वीस वर्षं सुखाने राहिलो होतो.

पुन्हा करायचं झालं तर

प्रश्न मुलांचेच घ्यावेत, पण त्यातले तपासण्याजोगे दोन निवडून देण्याचं काम शिक्षकाने दुसऱ्याच तासाला करावं. त्याने आमचा एक अख्खा तास वाचला असता. वाफेचं त्याच दिवशी सांगून टाकावं. गंजण्याचा प्रयोग पहिल्या दिवशीच लावून ठेवावा, म्हणजे मेणबत्तीवरचा वाद रंगात येईपर्यंत नळीतलं पाणी आपलं काम करून बसलेलं असेल. आणि ज्या नऊ जणांचं वाक्य बदललं नाही, त्यांच्याशी चाचणीआधी बोलायला हवं होतं. आम्ही बोलक्या मुलांच्या वादावरून अख्ख्या वर्गाला कळलं असं धरून चाललो.

घटक संपल्यावर बाईंनी एक शेवटची बरणी लावली. तळाशी लोखंडी काथ्या घट्ट कोंबलेला, खाली मेणबत्ती. ज्योत विझली, पाणी चढलं, पातळीवर पेनाने खूण केली आणि बरणी शनिवार-रविवार कपाटावर ठेवली. मेणबत्तीनंतरही ऑक्सिजन उरत असेल तर काथ्या तो घेईल आणि पाणी खुणेच्या वर जाईल, असा हिशेब होता. सोमवारी पाणी खुणेच्या बरंच वर होतं. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

खिडकीकडच्या रांगेतून आवाज आला, “बाई, पण कार्बन डायऑक्साइडही पाण्यात विरघळतो ना? काथ्या नसलेली दुसरी बरणी कुठे आहे?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरी बरणी आणायला गेल्या.